न दुखणारा संसर्ग
एप्रिलमध्ये शिंदखेड्याचा पारा चाळिशी ओलांडतो. शेतात आडोसा नाही, म्हणून गरोदर बाई पाणी बेतानं पिते, लघवी दाबून धरते. त्यात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकानं मूत्रवाहिन्या सैलावलेल्या, वर गर्भाशयाचा दाब. लघवी तुंबते आणि ई. कोलाय जंतूंचं फावतं. खोड अशी की जळजळ, ताप बहुधा नसतोच. बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड कास यांनी १९५०च्या दशकात दाखवलं, की मिलिलिटरमागे लाखभर जंतू असूनही बाई ठणठणीत दिसू शकते. उपचार राहिले तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. मग ३७ आठवड्यांआधी प्रसूती आणि अडीच किलोहून हलकं बाळ, हे धोके वाढतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. तिथे लघवीच्या कल्चरबद्दल, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीबद्दल, जरूर विचारा. साखर-प्रथिनांच्या पट्टीत जंतू दिसत नाहीत.