निजामी गेली, कज्जे राहिले

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबादच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली आणि गोदावरीच्या उत्तर तीरावरील घनसावंगीचा मुलूख, जो त्या काळी औरंगाबाद जिल्ह्यातील अंबड तालुक्यात मोडत असे, अवघ्या पाच दिवसांच्या कारवाईत निजामाच्या अमलातून निघाला. शेतांवरील अंमल बदलण्यास मात्र पुढे कित्येक वर्षे लागली, आणि त्यातून उपजलेला संशय मराठवाड्याच्या गावगाड्यात अद्याप पुरता शमलेला नाही.

ज्या कारवाईला लोक आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात, तिच्यापूर्वी निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या जाचाने अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून गेली होती. तिच्यानंतर सूडाचा रोख मुसलमान वस्त्यांकडे वळला. या हिंसेच्या पाहणीसाठी भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने खून आणि लूट यांच्या जोडीला घरे व जमिनी बळकावल्याचेही नमूद केले. तो अहवाल मात्र सरकारने दीर्घकाळ दडवून ठेवला, आणि दडवलेल्या गोष्टीची जागा अफवा घेते.

याच धामधुमीत कायद्याचेही हस्तांतर चालू होते. 1949 च्या ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द झाल्या. 1950 च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याने, विवक्षित मुदतीत सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्यास ‘संरक्षित कूळ’ ठरवून ती विकत घेण्याचा हक्क दिला. हेतू निःसंशय न्यायाचा होता. परंतु कुळाला हक्क मिळणार असे दिसताच कित्येक जमीनदारांनी त्याच्याकडून ‘स्वखुशीचा’ राजीनामा लिहून घेतला, किंवा त्याला सरळ बांधाबाहेर काढले. अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुसरो यांच्या पाहणीत असे आढळले की संरक्षित कुळांपैकी निम्मीसुद्धा काही वर्षांत त्या नात्याने जमिनीवर उरली नव्हती. मालक म्हणे कुळाने जमीन खाल्ली, कूळ म्हणे मालकाने अंगठा फसवून घेतला. जुलमाने बळकावलेली आणि कायद्याने मिळालेली जमीन शेजारी शेजारी पिकू लागली, तेव्हा दोहोंतील भेद लोकांच्या बोलण्यातून पुसला गेला. माझ्या मते अविश्वासाचे मूळ येथे आहे.

त्यात दप्तराची भर पडली. निजामी महसुलाच्या फसली सालांचे जुने कागद उर्दूत, सेतवार म्हणजे मोजणीचा उतारा एकाच्या नावाचा, वहिवाट दुसऱ्याची, आणि 1954-55 च्या खासरा पत्रकात पटवाऱ्याच्या लेखणीने उमटलेले नाव तिसऱ्याचेच, असेही प्रकार घडले. देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेपोटी दिलेल्या खिदमतमाश आणि निर्वाहासाठी दिलेल्या मददमाश जमिनींचा गुंता तर विशेषच, कारण 1954 च्या इनाम निर्मूलन कायद्यानंतरही सेवा-इनामांचा प्रश्न सुटला नाही. अशा जमिनी परवानगीवाचून विकल्या गेल्या की चार हात फिरल्यावर एखादा वारस मुन्तखब, म्हणजे इनामाच्या वारसाहक्काचा जुना दाखला, घेऊन तहसिलीत उभा राहतो. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तरी कूळकायदा हैदराबादचाच चालू राहिला. म्हणून घनसावंगीच्या शेतकऱ्याला आपल्या बापाच्या जमिनीचा दावा लढविताना पुण्याच्या शेतकऱ्याहून वेगळा कायदा वाचावा लागतो, आणि उर्दू वाचणारा माणूस आधी शोधावा लागतो.