रानवाटेवरील धावणे : अर्धशक्ती व्यायामाचा एक विचार

व्यायामाचा उपदेश आपण वैद्यमंडळी रोज करतो. तो पाळणारे रुग्ण थोडे असतात आणि स्वतः पाळणारे वैद्य बहुधा त्याहूनही थोडे. प्रस्तुत लेखक याला अपवाद नव्हता. सकाळी चार तास व सायंकाळी चार तास खुर्चीत बसून प्रमेही रुग्णांना ‘रोज तासभर चाला’ असे लिहून देणाऱ्या माझे स्वतःचे एचबीए१सी वयाच्या ४३ व्या वर्षी ६.१ आले. हेतू शोधण्यास दूर जावे लागले नाही. बसण्याचे सुख, झोपण्याचे सुख, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ही चरकोक्त प्रमेहहेतूंची यादी वाचताना आपलीच दिनचर्या वाचत असल्यासारखे वाटले.

व्यायामशाळेतील धावत्या पट्ट्यावर दोन महिने काढले. नंतर कंटाळा आला आणि नेम मोडला. पुढे एका स्नेह्यांनी रविवारी पहाटे सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेने नेले. चढावर ते भरभर चालत, सपाटीवर संथ धावत आणि उतारावर जपून पावले टाकत. तो नेम मात्र गेली तीन वर्षे टिकला आहे. तो का टिकला आणि आपल्या शास्त्राच्या दृष्टीने त्याचे स्थान काय, हे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

ट्रेल रनिंग म्हणजे काय?

डांबरी रस्ता किंवा मैदानातील आखीव पट्टा सोडून डोंगर, रान, माळ, नदीकाठ येथील पायवाटांवर धावणे म्हणजे ट्रेल रनिंग. आपण त्यास ‘रानवाटेवरील धावणे’ म्हणू. या क्रीडाप्रकाराच्या इतिहासात १९७४ सालचा एक प्रसंग आवर्जून सांगितला जातो. कॅलिफोर्नियातील शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत गॉर्डी एन्सले हा स्वार घोड्याविना पायीच उतरला आणि २४ तासांच्या आत त्याने ते अंतर पुरे केले. आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी सुमारे १७० किलोमीटरची शर्यत २००३ पासून सुरू झाली. आपल्याकडेही गेल्या काही वर्षांत सिंहगड, राजगड व तोरणा जोडणाऱ्या वाटांवर अशी शर्यत भरू लागली आहे. मात्र आपला विषय शर्यत नसून व्यायाम आहे, आणि या दोहोंतील भेदच या लेखाचा गाभा आहे.

‘इष्ट’ आणि ‘अर्धशक्ती’

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायात व्यायामाची व्याख्या आली आहे. तिचा पदच्छेद केल्यास शरीराला स्थैर्य व बल देणारी ती चेष्टा ‘इष्ट’ असावी, म्हणजे मनाला हवीशी वाटावी, असा अर्थ निघतो. आपण या शब्दावरून घाईने पुढे जातो. रुग्ण व्यायाम सोडतो तेव्हा त्याचा आळस काढण्यापूर्वी तो व्यायाम त्यास इष्ट होता काय, हे विचारले पाहिजे. रानवाटेचे आकर्षण येथेच आहे. वाट दर वळणाला बदलते. श्रावणातील कारवीचा हिरवा उतार पौषात तपकिरी झालेला असतो. पायाखाली कधी मुरूम, कधी कातळ, कधी पाचोळा येतो. पुढचे पाऊल कोठे टाकावे याकडे लक्ष द्यावेच लागते. त्यामुळे मन गुंतून राहते आणि वेळ मोजावा लागत नाही.

दुसरा शब्द अर्धशक्तीचा. बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीने शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीने आणि अन्य ऋतूंत त्याहूनही मंद व्यायाम करावा, असे वाग्भटांचे सांगणे आहे. अर्धी शक्ती ओळखावी कशी, याचे उत्तर सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात दिले आहे. हृदयस्थित वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजेच मुखाने श्वास घ्यावासा वाटू लागला, की अर्धी शक्ती खर्च झाली असे जाणावे. कपाळ, नाक व काखेत येणारा घाम आणि मुखशोष ही लक्षणेही आपण अभ्यासलेली आहेत. धावताना बोलता येते का, ही आज क्रीडावैद्यकात वापरली जाणारी साधी कसोटी याच दिशेची आहे.

सपाट रस्त्यावर धावणारा बहुधा घड्याळाकडे पाहतो. कालच्यापेक्षा आज दहा सेकंद कमी, ही ओढ त्याला अर्धशक्तीच्या पलीकडे नेते. डोंगरवाटेवर ठरावीक वेग राखताच येत नाही. चढ आला की अनुभवी धावपटूदेखील चालू लागतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. वेग बाजूला राहतो व श्वास हेच माप उरते. अर्धशक्तीचा सिद्धान्त शिकवण्यास याहून चांगली पाठशाळा मला आढळली नाही.

शरीर व मनावरील परिणाम

लाघव, कर्मसामर्थ्य, दीप्ताग्नी, मेदःक्षय व अवयवांची सुविभक्तता ही व्यायामाची फले येथेही मिळतातच. त्याखेरीज काही विशेष सांगता येतात. असमान भूमीवर प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडते, त्यामुळे घोटा, गुल्फसंधी व कटीभोवतीचे लहान स्नायू कामाला लागतात आणि तोल राखण्याची क्षमता वाढते. मातीचा पृष्ठभाग मऊ असल्याने व पावलांची पुनरावृत्ती हुबेहूब तशीच नसल्याने एकाच जागी पडणारा ताण विभागला जातो. चढ हा हृदय व फुप्फुसांचा व्यायाम आहे, तर उतार मांडीच्या पुढील स्नायूंची परीक्षा घेतो. उतरताना हे स्नायू लांबत असतानाच आकुंचन पावतात. म्हणून नवख्या माणसाच्या मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक दुखतात. सौम्य उतारापासून सुरुवात केल्यास पुढील काही आठवडे तेच स्नायू कमी दुखावतात.

मनाच्या बाबतीत एक अभ्यास लक्षणीय आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली असे दाखवले की, नव्वद मिनिटे निसर्गात चालून आलेल्या व्यक्तींमध्ये तेच ते नकारात्मक विचार घोळवण्याची प्रवृत्ती कमी झाली. वाहत्या रस्त्याकाठी तेवढाच वेळ चाललेल्यांत असा फरक दिसला नाही.

प्रमेहचिकित्सेत सुश्रुतांनी निर्धन रुग्णास पादत्राण व छत्रीवाचून, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालण्यास सांगितले आहे. त्यातील चालण्याचे तत्त्व आजही ग्राह्य आहे. मात्र पायांची संवेदना मंदावलेल्या मधुमेही रुग्णास अनवाणी पाठवणे हा आज अपराधच ठरेल.

अतिव्यायाम : एक अनुभव

दोन वर्षांपूर्वी आश्विनात ३१ वर्षांचा एक तरुण मांड्यांच्या वेदनेसाठी आला. संगणकासमोर दहा तास बसणारा. जेमतेम सहा आठवड्यांच्या सरावावर तो एका डोंगरी शर्यतीत धावला होता. ऊन कडक होते. वेदना होऊ नयेत म्हणून त्याने शर्यतीपूर्वी दोन व वाटेत एक अशा वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या. नंतर औषधाच्या दुकानातून आणखी गोळ्या व चोळण्याचे तेल आणले होते. मीही अभ्यंग आणि गुग्गुळ लिहिण्यास लेखणी उचललीच होती. सवयीने मूत्राविषयी विचारले, तेव्हा आदल्या दिवसापासून ते कोऱ्या चहाच्या रंगाचे व अल्प होत असल्याचे त्याने सांगितले. त्याला तत्काळ रुग्णालयात पाठवले. स्नायूंच्या विघटनाने वृक्कांवर ताण आला होता. सहा दिवसांनी तो सुखरूप घरी आला. तो एक प्रश्न विचारावयाचा राहिला असता तर काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

शक्तीबाहेर व्यायाम व प्रवास करणाऱ्याची तुलना आचार्यांनी हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाशी केली आहे. सिंह दुर्बळ नसतो, तरीही नाश पावतो. २०२१ च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतातील शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक आलेल्या थंडी, वारा व पावसात २१ धावपटू दगावले. त्यांत नामांकित धावपटूही होते.

सल्ला देताना

१. वय चाळिशीपुढे असल्यास, अथवा मधुमेह, रक्तदाब किंवा छातीतील वेदनेचा इतिहास असल्यास हृदयतपासणी आधी करून घ्यावी. अजीर्ण, ज्वर व वातपित्तप्रधान व्याधीत धावणे वर्ज्य.

२. पहिले दोन महिने केवळ चढ-उतार चालणे. नंतर सपाट टप्प्यांवर संथ धाव. मुखाने श्वास सुरू झाला की पुन्हा चालावे.

३. हेमंत व शिशिर हे उत्तम ऋतू. वसंतात पहाटेच निघावे. वर्षा ऋतूत बल अल्प व कातळ शेवाळलेला, तर शरदात पित्तप्रकोप व कडक ऊन, म्हणून या काळात मात्रा कमी करावी. घसाऱ्याच्या वाटा नवख्यांनी टाळाव्यात. एकट्याने जाऊ नये.

४. तहानेप्रमाणे घोट घोट पाणी घ्यावे. अतिजलपानाने रक्तातील सोडियम घटते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांत ही घट आढळली होती. गडावरचे पिठले-भाकरी व दही रुचकर खरे, पण ते खाऊन लगेच धावत उतरू नये.

५. व्यायामानंतर सुखावह मर्दन व रात्री तिळतेलाने पादाभ्यंग करावा. ताज्या मुरगळ्यावर मात्र जोराने चोळू नये. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यास दुखत असेल, तर लेप लावण्यापूर्वी क्ष-किरण तपासणी करावी.

६. औषधविक्रेत्या बंधूंना विशेष विनंती. धावण्यापूर्वी घेण्यासाठी कोणी वेदनाशामक मागितल्यास ते देऊ नये व त्याचा धोका समजावून सांगावा. धावून आलेल्या ग्राहकाला तेलाची बाटली देताना ‘लघवीचा रंग कसा आहे?’ एवढे विचारावे.

उपसंहार

वर्षभरात माझे एचबीए१सी ५.६ वर आले. त्यात आहाराचाही वाटा आहे, म्हणून सारे श्रेय धावण्यास देणे योग्य होणार नाही. परंतु एक लाभ निर्विवाद आहे. आता ‘व्यायाम करा’ असे लिहिताना त्यापुढे ऋतू, काल व मात्रा आपोआप लिहिली जाते. औषध मात्रेवाचून देणे आपणास सुचत नाही, मग व्यायामच तसा का द्यावा? वैद्यमित्रांनी एखाद्या रविवारी दवाखाना उघडण्यापूर्वी जवळच्या टेकडीवर जावे आणि श्वास मुखाशी येईपर्यंतच चढावे. अर्धशक्ती म्हणजे किती, हे ग्रंथापेक्षा तेथे लवकर उमगते.