मोहरीचा तोतया

नाशिक फाट्याहून भोसरी, मोशी करत चाकणला जाताना बसच्या खिडकीतून रस्त्याच्या कडेला कधी नीट पाहिलंय? थंडी सरत आली, की मुरमाच्या ढिगांवर, कुंपणांच्या कडेला पिवळीजर्द फुलं डोलू लागतात. तोडायला हात पुढे केलात, तर काटे बोचलेच म्हणून समजा! हा पिवळा धोतरा. मूळचा मेक्सिकोकडचा. माती उकरली, भराव टाकला की याचं फावतं. काट्यांमुळे शेळ्यासुद्धा त्याच्या वाटेला जात नाहीत.

नावावर जाऊ नका बरं का! खरा धोतरा वांग्याच्या कुळातला. त्याचं फूल लांब कर्ण्यासारखं आणि काटे फक्त फळावर. हा मात्र अफूच्या कुळातला. याच्या पानांच्या कडांना काटे, फळालाही काटे. पानं निळसर हिरवी, शिरांवर पांढरे पट्टे. पान तुटलं, की पिवळा चीक येतो. ही त्याची पक्की खूण! पण तो चीक डोळ्यांत जाता कामा नये, म्हणून लांबूनच पाहा.

आता खरी गंमत, म्हणजे खरा धोका! फळ वाळून वरून उकललं, की आतून काळे गोल दाणे सांडतात. अगदी मोहरीच! पण मोहरी गुळगुळीत वाटते, हे बी खरबरीत असतं आणि त्यावर जाळीसारखी नक्षी असते. मोहरीच्या शेतात हे तण माजतं, नाहीतर कोणी लबाड व्यापारी मुद्दाम भेसळ करतो, आणि याचं विषारी तेल मोहरीच्या तेलात मिसळतं. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत हेच झालं. लोकांचे पाय सुजले, धाप लागू लागली. हजारो आजारी पडले आणि साठाहून अधिक माणसं दगावली.

पिंपरी-चिंचवडमध्ये तुमच्या वर्गात उत्तरेकडचे मित्र असतीलच. त्यांच्या घरी रोजचा स्वयंपाक बहुधा मोहरीच्या तेलात होतो. त्यांना हा तोतया नक्की दाखवा, आणि सुटं तेल न घेता सीलबंदच घ्या, असं सांगा. धाकट्या भावंडांनी भातुकलीत याच्या बियांची ‘फोडणी’ केली, तर चाखू मात्र देऊ नका!

मग या रविवारी आई-बाबांबरोबर फिरायला निघाल, तेव्हा कोण आधी ओळखतं, पाहू या!