न पाहिलेल्या हिंदुस्थानची लेखिका

बर्लिनजवळच्या वोल्टर्सडॉर्फला १९२१ साली एक हिंदुस्थान बांधून काढला गेला. महाल, वाघ, योगी, सूडाने पेटलेला महाराजा, कशाची म्हणून कमी नव्हती. थेआ फॉन हार्बू यांच्या १९१८च्या ‘दास इंडिशे ग्राबमाल’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. बाईंनी हिंदुस्थान पाहिलाच नव्हता. बाईंचे दुसरे पती, दिग्दर्शक फ्रिट्झ लांग, यांनी हीच कथा १९५९ मध्ये पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा कुठे कॅमेरा उदयपूरला पोहोचला.

बाईंचा जन्म १८८८चा, बव्हेरियातला. आधी नाटकात कामे केली, मग लेखणी धरली. लांग यांच्याशी १९२२ मध्ये लग्न झाले आणि दशकभर या जोडीने जर्मन सिनेमा गाजवला: ‘डॉक्टर माबुझे’, ‘नीबेलुंगेन’, ‘मेट्रोपोलिस’, ‘एम’. नाव मात्र लांग यांचेच झाले, हे मला अन्यायाचे वाटते. ‘मेट्रोपोलिस’ची कादंबरी बाईंची आणि पटकथेतही त्यांचाच मोठा वाटा. १९२७ साली चित्रपट झळकण्याआधीच ती कादंबरी मासिकातून क्रमशः वाचकांच्या हाती पडली होती. मूकपटात संवाद नसतात, तेव्हा लेखकाने करायचे काय, असे विचारणाऱ्याने तो जरूर पाहावा. जमिनीखाली राबणारे मजूर आणि वर बागेत खेळणारी धनिकांची मुले, हे शहर आधी कागदावर उभे राहिले होते. शेवटचा भाबडा समेटही अर्थात बाईंचाच!

बेळगावकडचे अयी तेंडुलकर त्यांना बर्लिनमध्ये भेटले. जर्मनीत शिकलेला, तिथल्या वृत्तपत्रांत लिहिणारा हा तरुण बाईंपेक्षा सोळाएक वर्षांनी लहान. १९३३ मध्ये लांग यांच्याशी घटस्फोट झाला. लांग देश सोडून गेले. बाईंनी तेंडुलकरांशी लग्न केले, पण गुपचूप. वंशशुद्धीचे वेड लागलेल्या राजवटीत ते उघड करण्याची सोय नव्हती.

आणि तरीही बाई नाझी पक्षात गेल्या. जर्मनीतल्या हिंदी लोकांना मदत व्हावी म्हणून, असे त्या नंतर सांगत. मदत केलीही असेल, पण त्या राजवटीच्या सिनेमासाठी त्या वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या, हे त्या खुलाशात बसत नाही.

तेंडुलकर युद्धाच्या तोंडावर मायदेशी परतले. त्यांनी बेळगावात वृत्तपत्र काढले, इंग्रजांचा तुरुंगवास भोगला. इंदुमती गुणाजी यांच्याशी लग्न करायचे ठरले, तेव्हा गांधीजींनी पाच वर्षे थांबण्याची अट घातली. १९४५ मध्ये सेवाग्रामला ते लग्न लागले. त्याच वर्षी बाई जर्मनीत ब्रिटिशांच्या नजरकैदेत होत्या. सुटल्यावर त्यांनी बर्लिनमध्ये पडक्या इमारतींचा ढिगारा उपसायचे काम केले, मग पुन्हा पटकथा लिहिल्या. १९५४ मध्ये लांग यांच्यासोबत केलेल्या एका जुन्या मूकपटाच्या खेळाहून निघताना त्या पडल्या आणि त्यातच गेल्या.

थेआ, अयी आणि इंदुमती या तिघांची हकिगत तेंडुलकरांची मुलगी लक्ष्मी तेंडुलकर-धौल यांनी २०१३ साली इंग्रजी पुस्तकात मांडली.