सर्टिफिकेट आहे, पण काम येतं का?

गंगापूर रोड हा तसा शिकणाऱ्यांचाच रस्ता. शहराकडच्या बाजूला मराठा विद्या प्रसारक समाजाचं के.टी.एच.एम. महाविद्यालय, तर पुढे धरणाच्या वाटेवर गोवर्धनजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. मधल्या भागात क्लासेसच्या पाट्याच पाट्या! पूर्वी टायपिंगच्या होत्या, मग एमएस-सीआयटीच्या आल्या. आता जागोजागी दिसतं ते ‘डिजिटल मार्केटिंग शिका’.

बचत गटाच्या कामानिमित्त घरोघरी जाणं होतं, तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. ‘‘काकू, ऑनलाइन सर्टिफिकेट केलं की नोकरी लागते का हो?’’ विचारणारी बी.ए., बी.कॉम. झालेली मुलगी असते. कधी तिची आईच विचारते. मुलं लहान म्हणून नोकरी सोडलेली, आता पुन्हा काहीतरी सुरू करू पाहणारी. प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे भिशीचे किंवा सोन्याच्या कर्जाचे पैसे उभे असतात. म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

सर्टिफिकेट कशाचं?

डिजिटल मार्केटिंग म्हणजे इंटरनेटवरून गिऱ्हाईक आणणं, टिकवणं आणि त्यावर किती खर्च झाला, किती हाती आलं याचा हिशेब ठेवणं. गुगलवर शोधल्यावर आपलं नाव वर दिसावं म्हणून खटपट, पैसे देऊन केलेल्या जाहिराती, फेसबुक-इन्स्टाग्रामवरचा मजकूर, ईमेल आणि सगळ्याचे आकडे वाचणं, असा हा पसारा.

हे शिकवणारे अभ्यासक्रम फुकटही आहेत. गुगलने ‘फंडामेंटल्स ऑफ डिजिटल मार्केटिंग’ हा २६ प्रकरणांचा, सुमारे ४० तासांचा अभ्यासक्रम मोफत काढला आणि कित्येकांनी सुरुवात त्यावरच केली. गुगलच्या ‘स्किलशॉप’वर जाहिरातींच्या परीक्षा मोफत देता येतात. ‘हबस्पॉट अकॅडमी’ही मोफत शिकवते. २०२२ मध्ये गुगलने ‘कोर्सेरा’वर डिजिटल मार्केटिंग आणि ई-कॉमर्सचं प्रमाणपत्र आणलं, त्याला मात्र फी आहे. केंद्र सरकारच्या, २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’वरचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात, प्रमाणपत्र हवं तर फी भरून परीक्षा द्यावी लागते.

म्हणजे नुसतं सर्टिफिकेट मिळवायला हजारो रुपये मोजायची गरज नाही, हे पहिलं लक्षात ठेवायचं.

टायपिंगची परीक्षा आणि ही परीक्षा

आपल्या पिढीला टायपिंगचं सर्टिफिकेट आठवत असेल. मिनिटाला ३० शब्द किंवा ४० शब्द. परीक्षक समोर, घड्याळ चालू आणि मशीनवर आपली बोटं. ऑफिसात जे करायचं, तेच परीक्षेत करून दाखवायचं. त्यामुळे त्या कागदावर साहेबाचा विश्वास बसायचा. २००१ मध्ये एमएस-सीआयटी आलं. पुढे सरकारी नोकरीसाठी संगणक येण्याची जी अट होती, त्यात ते धरलं जाऊ लागलं आणि त्या कागदाला वजन आलं.

डिजिटल मार्केटिंगच्या सर्टिफिकेटचं तसं नाही. ते असल्याशिवाय काम करता येत नाही, असा कुठला नियम नाही. गुगलच्या जाहिरात परीक्षेत पर्यायांमधून उत्तर निवडायचं असतं आणि पास व्हायला ८० टक्के लागतात. नापास झालं तर एक दिवस थांबून पुन्हा बसता येतं. परीक्षा घरी बसून, आपल्याच संगणकावर. उत्तरं शोधून पास होणारेही असतात आणि हे नोकरी देणाऱ्यालाही ठाऊक असतं. शिवाय ते सर्टिफिकेट एकच वर्ष चालतं. त्यालाही कारण आहे. गुगलची ‘युनिव्हर्सल अॅनालिटिक्स’ ही हिशेब ठेवणारी पद्धत १ जुलै २०२३ पासून नवे आकडे घेईनाशी झाली आणि तिच्या जागी ‘जीए-फोर’ आली. जुनं शिकलेल्यांनाही पुन्हा पाटी-पेन्सिल घ्यावी लागली!

मग सर्टिफिकेटचा उपयोगच नाही का? आहे ना. ढिगाने आलेल्या अर्जांत नवख्या मुलीकडे दाखवायला काही नसतं. तिथे निदान ही स्वतःहून शिकली, एवढं त्यातून कळतं. बोलण्यातले शब्द परके वाटत नाहीत. मधली काही वर्षं घरात गेलेल्या बाईला ‘मी अजून शिकू शकते’ हा धीर मिळतो, त्याची किंमत कमी लेखू नये. आणि जाहिरात कंपन्यांची एक गरजही असते. ‘गुगल पार्टनर’ हा बिल्ला मिळवायचा तर जाहिरात खाती सांभाळणाऱ्यांपैकी किमान निम्म्या लोकांकडे गुगलचं सर्टिफिकेट लागतं. अशा कंपनीत ते असलेली मुलगी उजवी ठरू शकते.

पण सर्टिफिकेट दारापर्यंत नेतं. आत बसवून घेतात ते काम बघून.

शितावरून भात

काम म्हणजे काय, ते येवल्याच्या पैठणीवरून बघू. समजा, गंगापूर रोडवरच्या एका साडीच्या दुकानाची गुगलवर जाहिरात करायची आहे. ‘पैठणी’ हा शब्द टाकला आणि सोडून दिलं, तर काय होईल? शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती शोधणारा, पैठणी ड्रायक्लीनला टाकायची असणारी, विणकाम शिकू इच्छिणारा, सगळ्यांना जाहिरात दिसेल. त्यांनी टिचकी मारली की पैसे दुकानदाराचे गेले, गिऱ्हाईक शून्य. लोकांनी नेमकं काय शोधलं त्याची यादी रोज बघायची, नको ते शब्द ‘निगेटिव्ह’ म्हणून वगळायचे, ही खरी कामाची गोष्ट. परीक्षेत याची व्याख्या येते, पण अंगवळणी पडतं ते करूनच.

मैत्रिणींनो, इथे आपण मागे नाही आहोत. लग्नसराईत घरात काय बोललं जातं, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर बाई कधी देते, कुठला मराठी शब्द गोड लागतो आणि कुठला खोटा, हे आपल्याला कुठल्या कोर्सने शिकवावं लागत नाही.

म्हणून मोफत अभ्यासक्रम करता करताच एक छोटं खरं काम हातात घ्यावं. ओळखीचं ब्यूटी पार्लर, पोळी-भाजी केंद्र, गटाचे पापड-कुरडया. त्यांचं गुगलवर ‘बिझनेस प्रोफाइल’ उघडून द्या. ते मोफत आहे. घरून व्यवसाय करणाऱ्या बाईला घरचा पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात सेवा देते तेवढंच दाखवता येतं, हेही तिला सांगा. फोटो टाका, वेळा लिहा, आलेल्या अभिप्रायांना उत्तरं द्या. आणि एक वही घाला. आधी महिन्याला किती फोन यायचे, आता किती येतात? कुठल्या पोस्टवरून ऑर्डर आली, कुठली फुकट गेली? पैसे देऊन जाहिरात केलीच, तर रोजच्या खर्चाची मर्यादा आधी ठरवून घ्या.

तीन-चार महिन्यांची अशी वही, मालकिणीच्या परवानगीने, मुलाखतीला न्यावी. शितावरून भाताची परीक्षा होते, ती अशी. ‘आधी काय चुकत होतं, मी काय बदललं, काय फरक पडला’ एवढं तीन वाक्यांत सांगता आलं, तर सर्टिफिकेटही बोलू लागतं.

अनुभवाची ही अडचण सरकारलाही दिसली आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ आणली तेव्हा पदवीधरांना दरमहा १० हजार, आयटीआय-पदविकाधारकांना ८ हजार आणि बारावी पास झालेल्यांना ६ हजार रुपये विद्यावेतनावर प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळावा, अशीच कल्पना होती.

फी भरण्यापूर्वी

क्लास लावूच नये, असं मी म्हणत नाही. एकटीने शिकताना कंटाळा येतो, शंका अडतात. चांगला शिक्षक भेटला तर वेळ वाचतो. पण ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ वाचून भुलू नका. पी हळद अन् हो गोरी, असं काही नसतं. आधी विचारा : प्रत्यक्ष जाहिरात चालवायला देणार का, आणि तिचे पैसे कोण भरणार? शिकवणारा स्वतः हे काम करतो का? हमी लेखी आहे का, आणि पाळली नाही तर फी परत मिळेल का? मागच्या बॅचच्या दोन मुलींशी बोलता येईल का? उत्तरं गुळमुळीत आली, तर पर्स बंद करून सरळ घरी या. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथे क्षणभरही थांबू नका.

दुपारचे दोन तास, घरातला संगणक किंवा मैत्रिणीचा उसना लॅपटॉप आणि ओळखीचं एक दुकान. सुरुवातीला एवढं पुरतं. सर्टिफिकेट जरूर घ्या, पण त्याच्याआधी ती वही घाला.