नाव धोत्र्याचं, कूळ अफूचं

पडीक रानात काटेरी पानांचा पिवळा धोत्रा हमखास दिसतो. देठ मोडला की पिवळाजर्द चीक येतो. झाडात बर्बेरिन असतं, दारुहळदीचं लाकूड पिवळं करणारं तेच. बियांत मात्र विषारी सँग्विनारिन. अफूतलं मॉर्फिन धरून ही सगळी आयसोक्विनोलिन अल्कलॉइड्सची भावंडं.

झाडात यांची घडण सुरू होते ती टायरोसिन या साध्या अमिनो आम्लापासून. त्यापासून डोपामिन (हो, आपल्या मेंदूतलंच!) आणि एक अल्डिहाइड बनतं, दोन्ही जुळून नॉरकोक्लॉरिन, मग पुढे रेटिक्युलिन. खरी गंमत इथे, कारण रेटिक्युलिन म्हणजे जंक्शन. 'बर्बेरिन ब्रिज एन्झाइम'ने त्यात एक कार्बनी पूल बांधला की स्कूलेरिन तयार होतं; तिथून एक वाट बर्बेरिनकडे, दुसरी सँग्विनारिनकडे. अफूत रेटिक्युलिनची आरशातली प्रतिमा बनते आणि थेबेन, कोडीनवरून गाडी मॉर्फिनला पोचते. या अल्कलॉइड्सचं वर्गीकरणही रेणूंच्या अशा सांगाड्यांवरूनच: प्रोटोबर्बेरिन, बेंझोफेनँथ्रिडिन, मॉर्फिनान वगैरे.

1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या याच सँग्विनारिनवाल्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. अंगावर सूज आणणाऱ्या ड्रॉप्सीची साथ आली, साठहून जास्त माणसं दगावली. बिया मोहरीसारख्याच दिसतात, त्यामुळे सुटं तेल घेताना जपून!