कापसातली तूर आणि दुकानातली दुसरी सोय



आपल्या बीड जिल्ह्यात कापसाच्या मधेमधे तुरीची ओळ दिसतेच. ती जागाही कापसाला दिली असती तर चार पैसे जास्त मिळाले नसते का? चांगल्या वर्षी मिळालेही असते. पण शेतकरी वाईट वर्षाचा हिशोब आधी करतो.

हा हिशोब खरा ठरतो का? हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेतल्या राव आणि विली या शास्त्रज्ञांनी ज्वारी-तुरीचे ९४ प्रयोग तपासून १९८० मध्ये आकडे मांडले. उत्पन्न एका ठरावीक रकमेखाली गेलं की पीक फसलं, असं त्यांनी धरलं. नुसती तूर ५ वर्षांतून एकदा फसते, नुसती ज्वारी ८ वर्षांतून एकदा. दोन्ही एकत्र घेतली तर ३६ वर्षांतून एकदाच!

कारण सोपं आहे. ज्वारी लवकर निघते, तूर मागून येते आणि तिचं मूळ खोल जातं. पावसाच्या खंडात ज्वारी बसली, तरी तुरीला परतीच्या पावसावर सावरायला वेळ मिळतो. दोघींना मारणारं कारण वेगळं असतं. खरी मेख इथेच आहे.

आता उलटं उदाहरण. लातूर शहराची मुख्य भिस्त आपल्या केज तालुक्यातल्या मांजरा धरणावर. धरण आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं. अशा दुष्काळात घरात एकाच्या जागी दोन बोअर असून काय उपयोग? दोन्हींच्या खालचं पाणी एकच!

आता आपलं दुकान बघा.

१. माल: दोन व्यापारी आहेत, पण दोघंही एकाच होलसेलरकडून उचलतात? मग तुमचा पुरवठादार एकच आहे.

२. पैसे: मोबाईलवर दोन पेमेंट ॲप, पण खातं एकाच बँकेचं? बँकेचं सर्व्हर बसलं की दोन्ही बंद.

३. उधारी: हे सगळ्यात महत्त्वाचं. वहीत शंभर नावं आहेत, पण सगळ्यांचा पैसा कापूस विकल्यावरच येणार? मग ती शंभर गिऱ्हाइकं नाहीत, एकच मोठं गिऱ्हाईक आहे. बोंडअळी आली की सगळी वही एकदम अडकते. थोडी पगारदार, दूधवाली, रोखीची गिऱ्हाइकं जोडा.

"सर, दुसरी सोय ठेवायची म्हणजे खर्च आलाच ना?" येतोच. दुसऱ्या व्यापाऱ्याचा भाव कदाचित दोन रुपये जास्त असेल. तरी महिन्याला थोडा माल त्याच्याकडून घ्या, ओळख चालू राहील. तुरीची ओळसुद्धा जागा खातेच की! पण सगळ्याच गोष्टींना जोडी लावत बसू नका. जे बंद पडलं तर दुकानच बंद पडेल, तिथेच लावा.

आज रात्री गल्ला मोजून झाला की उधारीची वही उघडा. प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा: याचा पैसा कुठून येतो? एकच उत्तर किती वेळा आलं, ते मोजा. तेवढी तुमची जोखीम.